‘कुणी म्हटलं’चा रकाना

३० जुलै ९५, रविवार

संस्कृतीनं मला कारखान्याची डायरी दिली. जानेवारीपासनं कोरीच पडली हुती, म्हणून मधनंच सुरू करते. संस्कृती माझी नात, बारामतीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला हाय. तिला कसला तरी प्रकल्प दिलाय. चाळिशीच्या म्होरच्या, फटकळ तोंडाच्या बायकांना लोक काय काय म्हणतात ते शब्द गोळा करायचे. म्हणाली, "आजी, आमच्या सगळ्या वर्गाचे मिळून अकरा शब्द झाले. मी म्हटलं थांबा, माझ्या आजीकडं जाऊन येते."

मान दिला का टोमणा मारला, कळलं न्हाय.

मागच्या पानांवर तिनं पट्टीनं रकाने आखून दिलेत. शब्द. कुणाला म्हटलं. कुणी म्हटलं. म्हणणाऱ्याचं वय. शिक्षण. म्होरच्या पानांवर रोजचं लिहीत जा म्हणाली, म्हंजे हात बसंल. मी दुसरी शिकलेली बाई. काना-मात्रा चुकणार. ज्याला खुपंल त्यानं वाचू नये.

गावाचं नाव लिहीत न्हाय. निरवांगी आन कळंबच्या मधी हाय एवढं पुरं. नवऱ्याचंबी नाव घ्यायचं नसतं, पण लिहिलं तर कुणाला ऐकू जातंय? गेणबा. लिहिलं. काय झालं न्हाय.

१ ऑगस्ट

एका बैठकीत सतरा शब्द लिहिले. कजाग, तोंडाळ, जहांबाज, आगलावी, कळलावी, अवदसा, महामाया, त्राटिका, फाटक्या तोंडाची, बारा गावचं पाणी प्यालेली. बाकीचे मागं हायत. कैदाशीण मला माझी सासू म्हणायची, आन लई गोड आवाजात म्हणायची. त्राटिका मी शाळेतल्या बाईंना म्हटलं हुतं. महामाया मी माझ्या जावंला.

लिहून झाल्यावर बघितलं तर ‘कुणी म्हटलं’च्या रकान्यात सतरापैकी तेरा ठिकाणी ‘मी’. संस्कृतीचे हेलपाटे वाचले.

आमच्या म्हाताऱ्याला, गेणबाला विचारलं, "जास्ती बोलणाऱ्या पुरुषाला काय म्हणत्यात वं?" त्यानं चहा संपस्तवर विचार केला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "पुढारी."

४ ऑगस्ट

आज डेअरीवर तमाशा झाला. मी नव्हते. गिरणीतनं येताना कळला, मग घरी आल्यावर सुनंच्या तोंडनं.

सून मुक्ता. संस्कृतीची आई. वय चव्वेचाळीस, सातवी शिकलेली. म्हस तिच्या नावावर हाय आन दूध संस्थेची सभासदबी तीच. संस्थेत दूध घातलं की संभाजी सेक्रेटरी बाटलीत नमुना घेतो, आत जाऊन मशिनीवर फॅट बघतो आन बाहीर येऊन कार्डावर मांडतो. जेवढं फॅट तेवढा भाव. आमच्या म्हशीला आधी सात लागायचं. जूनमधी मुक्तानं त्याला विचारलं, मशीन आत कशाला ठेवता, बाहीर ठेवा की. तवापासनं आमचं फॅट पाचावर आलं.

आज ती रांगेत सगळ्यांच्या देखत संभाजीला म्हणाली, "तात्या, म्हस तीच, चारा त्योच, पेंड तीच. मग फॅट तुमच्या दारातच कसं उतरतंय?"

संभाजी म्हणाला, "वहिनी, दुधात पाणी पडलं आसंल."

"आमच्या नळाला चार दिवस पाणी न्हाय. दुधाला कुठनं आणू?"

रांग हसली. संभाजी हसला न्हाय.

दुपारी भागूबाई घेवडा निवडाय आली. शेजारीण हाय, वय साठ. कुणाला उलट शब्द बोलणार न्हाय, पण ऐकलेलं पोटात ठेवणारबी न्हाय. मी म्हटलं, "आमची सून म्हंजे भोंगा हाय भोंगा. कारखान्याचा आठ तासांनी तरी वाजतो. हिच्या तीनी पाळ्या चालू." भागूबाई इतकी हसली की सूप पालथं झालं.

शब्द चांगला जमला. मागं लिहून ठेवला. शब्द: भोंगा. कुणाला: मुक्ता. ‘कुणी म्हटलं’ मोकळं ठेवलं. आईला काय म्हटलं ते लेकीला कशाला दावायचं.

९ ऑगस्ट

कैदाशीण गावभर व्हायला दोन वर्सं लागली हुती. भोंग्याला पाच दिवस. गिरणीवाला दळण देताना म्हणाला, "मावशी, घड्याळ कशाला पायजे तुमाला, घरात भोंगा हाय."

मी पीठ बघून घेतलं. जाड दळलं हुतं. तेवढं बोलले.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला शाळेकडं गेले तर डेअरीच्या भिताडावर कोळशानं लिहिलेलं. भोंगा. हातभर एकेक अक्षर. अक्षर बरं हाय, शिकलेल्याचं दिसतंय.

मुक्ता त्याच्या खालीच रांगेत उभी हुती. घरी येऊन किटली पालथी घातली आन विचारलं, "आत्याबाई, असली नावं कोण काढत आसंल वं?"

मी म्हटलं, "भागूबाईचं तोंड कुठं गप बसतंय."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग भांडी घासाय गेली.

मागचा रकाना भरला. कुणी म्हटलं: भागूबाई. वय साठ. शिक्षण न्हाय. खोटं न्हाय ते. गावात तिनंच नेलं.

२१ ऑगस्ट

इंद्रजित, माझा ल्योक, कारखान्याच्या वर्कशॉपात हाय. आज पाळीवरनं आला आन डबा आदळला. तितं जेवाय बसलं की चारजण तोंडानं भोंगा वाजवत्यात म्हणे.

मुक्ताला म्हणाला, "तुला पाचाचं फॅट मिळतंय ना? घे की गप. दुसऱ्या बायका घेत्यात का न्हाय?"

"दुसऱ्यांचं कमी मांडत न्हाईत."

"का मांडत न्हाईत? त्या बोलत न्हाईत म्हणून!"

"मग तुमालाबी कळतंय की," मुक्ता म्हणाली, "का मांडत्यात ते."

मग इंद्रजित वरडला. बापावर गेला न्हाय. माझ्यावर गेला.

२४ ऑगस्ट

मुक्ता बोलायची थांबलीय. भांडण न्हाय, रुसवा न्हाय. ताट ठेवती, जाती. आधी चूल पेटल्यापासनं ऐकाय लागायचं, लाकडं वली हायती, पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी लबाड हाय, रेडिओवाला खोटं बोलतोय. तीन दिवस कायबी न्हाय.

घर शांत बरं आसतं म्हणत्यात. मला दुपारची झोप लागंना. म्हातारा दोनदा सैपाकघरात डोकावून आला. "काय पायजे?" म्हटलं तर म्हणाला, "काय न्हाय, माणूस हाय का बघितलं."

३१ ऑगस्ट

संस्थेचा कागद आला. मुक्तानं संस्थेची बदनामी केली. वार्षिक सभेआधी लेखी माफी दिली न्हाय तर सभासदत्व रद्द आन दूध बंद. सभा सतरा सप्टेंबरला.

दुसरी डेअरी कळंबला. रोज दोन टायमाला तितं किटली घेऊन कोण जाणार? म्हस विकावी लागंल. मुक्तानं ती माहेरच्या रेडकीपासनं वाढवलीय. घरात स्वतःची म्हणावी अशी तिच्याकडं तेवढीच एक चीज.

इंद्रजितनं माफीनामा लिहिला. अक्षर चांगलं हाय त्याचं. मुक्तापुढं ठेवला. तिनं वाचला. कायतरी बोलंल म्हणून मी घमेलं घासायचं थांबवलं. बोलली न्हाय. सही केली. शेवटच्या अक्षराला पेन एवढा दाबला की कागदाला भोक पडलं.

इंद्रजित म्हणाला, "आई, हे तुझ्या डायरीत ठेव, चुरगळणार न्हाय. सभेच्या दिशी दे."

ठेवला.

२ सप्टेंबर

भागूबाई आली ती रडतच. "प्रयागबाई, मी एकीलाच सांगितलं हुतं गं. सारजाला."

"एकीलाच सांगायचं आसतं. बाकीचं ती करती."

"पण शब्द तर तुझाच हुता."

"मी घरात ठेवला हुता. तू दारात नेलास."   मग विचारलं, "तुझं दुधाचं कार्ड कुठाय?"

तिची म्हस आषाढात आटली. कार्ड खुंटीला टांगलेलं.

"उद्यापासनं दूध घालायचं," मी म्हटलं.

"कशाचं? माझं?"

"आमच्या म्हशीचं. आर्धं मुक्ताच्या कार्डावर मी घालते, आर्धं तुझ्या कार्डावर तू घाल. म्होरं-मागं उभं ऱ्हायचं. काय बोलायचं न्हाय."

"मला काय बोलाय येतंय?"

तेवढ्यासाठीच तिला घेतलीय.

हे सुनंसाठी न्हाय. संभाजी पाणी घातलेलं दूध म्हणतो म्हंजे म्हशीची अब्रू गेली. उद्या विकायची पाळी आली तर गिऱ्हाईक हेच विचारणार.

३ सप्टेंबर

डेअरीवर मी जाते म्हटलं तर मुक्तानं किटली पुढं केली. मी दूध दोन किटल्यांत ओतलं. तिनं बघितलं. का, कुठं, कायबी विचारलं न्हाय. पदरानं हात पुसून आत गेली.

मुक्ताच्या कार्डावर पाच पॉइंट एक. भागूच्या कार्डावर सात.

कुठंतरी मांडून ठेवाय पायजे हुतं. डायरीचं पान फाडलं तर संस्कृती वरडंल. माफीनाम्याची मागची बाजू कोरी हुती. तिच्यावर लिहिलं.

७ सप्टेंबर

मुक्ता पाच. भागू सात दोन. संभाजी आत जातो आन माणूस बारा आकडे मोजंस्तवर बाहीर येतो. मी मोजलं. नमुन्याची बाटली ह्याच्या हातात तशीच भरलेली. बाटली न बघता तोंड बघून फॅट लावतोय.

आज भागूबाईला म्हणाला, "मावशी, सोन्याची म्हस हाय तुमची. काय घालताय तिला?"

भागूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी भिताडाकडं बघितलं. भोंगा वाचला.

१० सप्टेंबर

आठ दिवस झाले. आठ ओळी. बास.

इंद्रजितनं विचारलं, "कागद नीट हाय ना?"

"नीट हाय," मी म्हटलं. "भरलेला हाय."

१७ सप्टेंबर, रविवार

सभा मारुतीच्या देवळात झाली. सभासद मंडपात, बाकीचे कट्ट्यावर. मी न् म्हातारा कट्ट्यावर. भागूबाई सभासद हाय, म्हणून आत खांबाला टेकून बसली. साठसत्तर पुरुष आन बायका सात.

सकाळी इंद्रजित कागद मागाय आला तवा मी घडी घालूनच दिला हुता. त्यानं न उलगडता संभाजीला दिला.

संभाजीनं उभं राहून वाचाय सुरुवात केली. "मी, सौ. मुक्ता इंद्रजित, संस्थेच्या कारभाराबद्दल जे गैरउद्गार काढले…" मागनं कुणीतरी तोंडानं वाजवलं, भोंऽऽ. मग दुसऱ्यानं. मग सगळा मंडप. देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. मुक्ता उभी हुती. तिला उभं ऱ्हायला सांगितलं हुतं. पायाच्या अंगठ्यानं फरशीची चीर खरवडत हुती.

मी आजवर कुणाला नाव ठेवलं तर ते मला ऐकू यायचं माझ्याच आवाजात. आज साठसत्तर आवाजात ऐकलं.

सगळं वाचून झाल्यावर चेअरमन आबांनी कागद फाईलला लावायला मागितला. म्हातारा माणूस, सही करायच्या आधी कागद दोनी अंगानी बघायची सवय. पलटला. चष्मा वर केला.

"हे मागं काय लिहिलंय? तीन तारीख. मुक्ता पाच एक. भागू सात. चार तारीख. मुक्ता पाच दोन. भागू सात एक…"

"म्हातारीनं कायतरी खरडलं आसंल," संभाजीनं हात पुढं केला. आबांनी दिला न्हाय. आठी ओळी वाचल्या. हळू वाचत्यात ते.

"प्रयागबाई, काय हाय हे?"

मी कट्ट्यावरनंच सांगितलं. "आबा, एका म्हशीचं दूध हाय ते. एका धारंचं. आर्धं हिच्या कार्डावर, आर्धं भागूच्या. दोनी कार्डं बघा, ह्यांच्याच हातचे आकडे हायत."

भागूबाई उठली. पोलक्यातनं कार्ड काढून आबांच्या पुढं ठेवलं आन पुन्हा खांबाला टेकली.

"खोटं हाय," संभाजी म्हणाला. "भागूमावशीचं दूध तिच्या म्हशीचं. चांगलं दूध. मी स्वतः मशिनीवर बघितलंय."

आमचा म्हातारा चाळीस वर्सांत सभेत बोललेला मला ठाऊक न्हाय. त्यानं पानाची चंची बंद केली.

"भागूबाईची म्हस आषाढात आटलीय," त्यो म्हणाला. "सगळ्या गावाला ठाऊक हाय."

आबांनी विचारलं, "संभाजी, आटल्याल्या म्हशीला सात फॅट?" तवा मंडप फुटला. तीच माणसं. तेवढ्याच जोरात. माझा कुणावर भरोसा बसला न्हाय.

हसणं थांबल्यावर मुक्ता बोलली. सव्वीस-सत्तावीस दिवसांनी. आवाज एवढा हळू की मागच्यांना म्होरं सरकावं लागलं.

"आबा, मशीन बाहीर दारात ठेवा. बाटली ज्याची त्याच्या देखत बघायची. जूनमधी मी एवढंच म्हटलं हुतं."

मागनं एकानं भोंऽ केलं. एकट्याचंच निघालं. मधीच बंद पडलं.

१८ सप्टेंबर

मशीन दारात आलं. संभाजी तितंच हाय. चौकशी होणार म्हणत्यात, म्हंजे दिवाळी जाईल. आमचं फॅट सात एक. गिरणीवाल्यानंबी त्याचं कार्ड पुढं केलं आन बाटली वाकून बघितली. त्याचंबी वाढलं. त्याला एवढ्या दिवसांत वाटलं नव्हतं की आपलं कमी हाय.

माफीनामा आबांनी ठेवून घेतलाय, पुरावा म्हणून. इंद्रजित म्हणाला, "आई, दुसरा कागद मिळाला न्हाय तुला?"

म्हटलं, "हाताला लागंल त्याच्यावर लिहिलं."

त्यो आज मुक्ताशी दोनदा बोलला. एकदा मीठ मागाय आन एकदा काय न मागताच.

२१ सप्टेंबर

गणपती दूध पितोय म्हणून सगळं गाव किटल्या घेऊन देवळात. रेडिओवरबी तेच. दिल्लीतबी पितोय म्हणे. मुक्ता चुलीपाशी बसून म्हणाली, "त्याला बरं हाय. फॅट कोण विचारत न्हाय."

म्हातारा खोकला येईस्तवर हसला. मग ती लाकडं वली हायती म्हणाली, पाटकरी लबाड हाय म्हणाली, इंद्रजितच्या चपला दारात का म्हणाली. दुपारी मला झोप लागली.

२५ सप्टेंबर, घटस्थापना

संस्कृती उद्या येणार, डायरी बघणार. म्हणून सकाळी ओसरीवर ऊन धरून मागची पानं तपासत बसले. एकसष्ट शब्द झालेत. माझ्या नावाचाबी नवीन आलाय, परवा डेअरीवर ऐकला. डबल भोंगा. एवढा काय जमलेला न्हाय.

मुक्तानं चहा आणून ठेवला आन गेली न्हाय. पानाकडं बघून म्हणाली, "आत्याबाई, रकान्याच्या ह्या घरात भागूमावशीचं नाव चुकून पडलंय."

बोट बरोबर त्याच ओळीवर.

"तू डायरी वाचलीस?"

"न्हाय. हितं आत्ता दिसलं तेवढंच."

"मग तुला कुणी सांगितलं? भागूनं?"

"कशाला कोण सांगाय पायजे?" ती म्हणाली. "गाव येडं हाय वं. एवढं नेमकं बोलणारं गावात दुसरं हाय कोण? पयल्या दिशी भिताडावर वाचलं तवाच ठाऊक झालं. म्हणून तर तुमाला विचारलं हुतं."

मी चहा प्याले. साखर जास्ती हुती. तसं म्हटलं.

"जास्तीच घातलीय," ती म्हणाली आन म्हशीकडं गेली. जाताना तिच्याशी मोठ्यानं बोलत गेली, अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या.

संस्कृतीनं सांगितलंय, खाडाखोड चालंल पण खोटं नको. भागूबाईवर रेघ मारली. वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं.

शब्द: भोंगा. कुणाला म्हटलं: मुक्ता. कुणी म्हटलं: प्रयागबाई गेणबा, तिची सासू. वय अडुसष्ट. शिक्षण दुसरी.